रजिस्टर आहे ना?

जुम्याची नमाज आटोपून माणसं जेवायला बसतात त्या वेळी मला तल्हाचा फोन आला आणि त्याने मला माझ्या नवऱ्याचं बोट मोडल्याचा आवाज ऐकवला. तो आवाज अगदी बारीक होता. त्यामागून अकबर ओरडला, तो मात्र मोठ्याने. बावीस वर्षं या माणसाशी संसार केला, पण त्याला असं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्यावरसुद्धा नाही.

"डाव्या हाताची दोन झाली, भाभी," तल्हा म्हणाला. "आता उजवा हात व्हाइसमदी हाय. तुमचा तो पुण्याचा साहेब खरा आसंल तर इथं घेऊन या. आसरची अजान झाली का मी दांडा फिरवनार."

"हलकटा, माझ्या हातची बिर्याणी खाल्लीस तू," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

"खाल्ली. म्हनून तर आसरपर्यंत थांबतोय." त्याने फोन ठेवला. आसर म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज, हातात जेमतेम दोन तास होते.

व्हाइस म्हणजे गॅरेजच्या टेबलाला जोडलेली लोखंडी पकड. दांडा फिरवला की तिच्यात लोखंडसुद्धा दबतं, माणसाच्या हाताचं काय घेऊन बसलात. अकबर कुवेतमधल्या जहऱ्यात पाण्याचा टँकर चालवतो. उजवा हात गेला तर टँकर गेला, टँकर गेला तर अकामा, म्हणजे इथे राहायची परवानगी गेली, आणि अकाम्याशिवाय या देशात माणसाला पाय टेकायला जागा नाही. पोलिसांत जावं तर तोही रस्ता बंद, कारण ज्या भानगडीपायी हे चाललं होतं तिला कुवेतमध्ये साफ बंदी आहे. मी तक्रार केली असती तर मारणारे आणि मार खाणारा एकाच विमानाने परत गेले असते.

भानगड अशी. झेलमार्क नावाचा एक क्रिप्टोचा बाजार, सगळा कारभार मोबाइलवर. मुख्य कचेरी युरोपात, अशा देशात की ज्याचं नाव आमच्यापैकी कुणाला धड उच्चारता येत नाही. गेल्या हिवाळ्यात अकबरच्या डोक्यात ते शिरलं. तो भोळा आहे असं मी म्हणणार नाही. नवीन नाव जोडलं की त्याला थोडं काहीतरी मिळायचं, ते त्याने माझ्यापासूनही लपवलं होतं. पण लबाडही नाही. आपल्या माणसांना त्यात ओढायच्या आधी त्याने खात्री करून घेतली. प्रसन्न आगाशे नावाचे एक पुण्याचे साहेब रुमैथियात राहतात. दस्मानच्या एका कंपनीत त्यांचं कामच हे की कुठला व्यवहार नियमात बसतो आणि कुठला नाही ते बघायचं. त्यांच्याकडे माझ्या घावनांचा डबा जातो. अकबरने त्यांना मोबाइलवर विचारलं, साहेब, हे झेलमार्क युरोपात रजिस्टर आहे का?

साहेबांनी बोलून उत्तर पाठवलं. "हो, रजिस्टर आहे. सरकारी यादीत नाव आहे, मी स्वतः पाहिलंय."

सात सेकंदांचं बोलणं. ते जहऱ्यातल्या प्रत्येक कोकणी माणसाच्या मोबाइलवर फिरलं. आमच्याकडे रजिस्टर म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. तोंडी बोलणं काय, स्टॅम्पपेपर काय, त्याला फाटे फुटतात. पण एकदा दापोलीच्या कचेरीत जाऊन, अंगठे उठवून, फोटो काढून खत रजिस्टर झालं की विषय मिटला. मग सख्ख्या भावाचीही हिंमत होत नाही जमिनीत पाय ठेवायची. रजिस्टर आहे म्हटल्यावर सदतीस माणसांनी वर्षानुवर्षांची पुंजी तिथे नेऊन ठेवली. जुलैची पहिली तारीख उजाडली आणि झेलमार्क बंद झालं. पैसे काढायला गेलं की पडद्यावर एक इंग्रजी चिठ्ठी यायची, परवान्याअभावी सेवा थांबवली आहे.

माणसं पिसाळली. सात सेकंदांच्या त्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसेना. अकबरनेच कुणाकडून तरी ते बोलवून घेतलं, पुण्याची भाषा काय कुणीही काढतो, असं तल्हाचं म्हणणं. तल्हा म्हसळ्याचा. त्याच्या बहिणीच्या लग्नाचे पैसे त्यात होते. हे मला ठाऊक होतं, म्हणून त्याचा राग मला कळत होता, आणि तरीही तो समोर असता तर मी त्याचे डोळे ओरबाडले असते.

मी टॅक्सी केली आणि रुमैथिया गाठलं. दार साहेबांच्या बायकोने, स्पृहावहिनींनी उघडलं. जेवणं चालली होती, वरणभाताचा वास येत होता. त्यांची मुलगी पूर्वी कानाला काहीतरी लावून मोबाइलमध्ये बघत जेवत होती. मी चप्पल न काढता आत गेले आणि सगळं एका दमात सांगितलं. व्हाइसचं सांगताना वहिनींच्या हातातली पळी खाली पडली.

साहेबांनी शांतपणे हात धुतले. हात पुसले. मग म्हणाले, "भाभी, ऐकून फार वाईट वाटलं. पण एक क्लिअर करतो. रजिस्ट्रेशन आणि लायसन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या नियमात तिथे नुसती नोंद करावी लागायची. आता सगळ्या युरोपचा नवीन कायदा आलाय, त्यात परवाना लागतो. जुन्या नोंदीवर एक जुलैपर्यंतच धंदा करता येणार होता. अकबरभाईंनी विचारलं रजिस्टर आहे का. ते होतं. मी चूक काही सांगितलं नाही."

"मुदत हाय ते तुम्हाला तवा ठाऊक होतं?"

"ऑफकोर्स. माझं कामच आहे ते."

"मग बोलला का नाय?"

"लायसन्सचं त्यांनी विचारलंच नाही," साहेब म्हणाले.

मी त्यांच्या कानाखाली वाजवली. ठरवून नाही, हातच उठला. चष्मा आमटीच्या पातेल्यापाशी जाऊन पडला. पूर्वी "ओ माय गॉड, बाबा!" म्हणून किंचाळली. मला त्या पोरीसमोर मारल्याची लाज वाटली, पण मारल्याची वाटली नाही.

"परवाना म्हंजे काय ते आम्हाला कळतं, साहेब," मी म्हणाले. "जड गाडीच्या परवान्यापायी माझ्या घोवानं तीन वर्सं ढुंगन घासलंय. नुसता परवाना नाय येवढं बोलला असता तरी एकानं दमडी टाकली नसती. शब्दाला काय पैसं पडत होतं?"

साहेबांचा गाल लाल झाला होता. ते चष्मा शोधत राहिले. "मी तिथे येऊ शकत नाही. माझ्या नावाशी क्रिप्टो जोडलं गेलं तर नोकरी जाईल. आपण काहीतरी लीगल मार्ग..."

"तिकडं हात चिरडायला लागलेत आनि तुम्ही मार्ग शोधताय!"

"प्रसन्न," स्पृहावहिनी म्हणाल्या. त्यांनी चष्मा उचलून पदराने पुसला आणि नवऱ्याच्या हातात दिला. "गाडीची किल्ली घे. तू गेला नाहीस तर भाभींबरोबर मी जाईन, आणि तो आवाज तुझा आहे हे मी सांगेन."

साहेब उठले. माझ्या धाकाने की बायकोच्या, देव जाणे. गाडीत बसल्यावर मी त्यांना दहा वेळा बजावलं. तिथे जायचं, आवाज माझा आहे म्हणायचं आणि गप्प बसायचं. तेवढ्याने अकबर सुटेल. ते मान हलवत होते. एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने मोबाइलवर कसली तरी यादी उघडत होते.

"काय बघताय?"

"परवाना मिळालेल्यांची यादी. अपडेटेड." मग थोडं थांबून, "झेलमार्कचा अर्ज फेटाळलाय, भाभी. परवा."

"हे तिथं नाय बोलायचं."

"पण कुणी विचारलं तर?"

"तरी नाय!" मी इतक्या जोरात ओरडले की गाडी दुसऱ्या पट्ट्यात गेली आणि मागच्याने हॉर्नचा धडाका लावला.

गॅरेज जहऱ्याच्या औद्योगिक भागात. शुक्रवार असल्याने मालक नव्हता, शटर अर्धं खाली ओढलेलं. आत वीस-पंचवीस माणसं. सगळी ओळखीची, ईदला घरी येणारी, मला भाभी म्हणणारी. ऑइलचा, घामाचा आणि कसला तरी आंबट वास येत होता. अकबर ओकला होता, त्याचा तो वास. तो टेबलाशी गुडघ्यांवर होता. एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ फाटून लोंबत होता. डाव्या हाताची दोन बोटं भलतीकडेच वळली होती. उजवा हात मनगटापर्यंत त्या लोखंडी जबड्यात. दांडा अजून पुरता आवळला नव्हता, पण बोटं जांभळी पडली होती.

मला बघून तो म्हणाला, "हुस्ना, तू कशाला आलीस?" जणू मी त्याच्या मित्रांच्या मैफलीत घुसले होते.

"हा बघ तुझा साहेब," मी तल्हाला म्हणाले आणि आगाशेंना पुढे ढकललं.

साहेबांनी घसा साफ केला. "तो आवाज माझा आहे. मीच बोललो होतो." आणि तेच सात सेकंदांचं वाक्य त्यांनी जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

कुणीतरी मोबाइलवर ते बोलणं लावलं. दोन्ही आवाज एकच होते. माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. तल्हाने एक शिवी हासडली आणि दांडा उलटा फिरवला. अकबरचा हात निसटून बाहेर आला. मी खाली बसले, तो हात दोन्ही हातांत घेतला, एकेक बोट वाकवून बघितलं. पाचही हलत होती. मी मनात अल्लाचे आभार मानले आणि अकबरला उठवायला लागले.

त्या वेळी आम्ही निघायला हवं होतं. दोन मिनिटं पुरली असती. पण तल्हाने विचारलं, "साहेब, मग रजिस्टर होतं तर बंद कसं पडलं?"

मी साहेबांकडे डोळे वटारले. त्यांनी बघितलं नाही. त्यांना प्रश्न आला होता.

"त्याचं असं आहे," ते म्हणाले, "तिकडे रजिस्टर म्हणजे नुसतं नाव लिहिणं. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढतो ना, तसं. केसपेपर काढला म्हणजे डॉक्टरने तपासलं असं होत नाही."

"तपासलंच नव्हतं?"

"नोंदीच्या वेळी तसं तपासत नाहीत. परवान्याच्या वेळी तपासतात."

"आनि परवाना?"

"अर्ज केला होता. फेटाळला."

"म्हंजे पैसं?"

"आता युरोपमधल्या ग्राहकांना आधी परत देतील बहुतेक. बाहेरच्यांचं... सांगता येत नाही." आणि मग, काय गरज होती त्या माणसाला, तो पुढे म्हणाला, "डिसेंबरमध्येच हे अपेक्षित होतं, खरं तर."

बहुतेकांना आधी अर्थच लागला नाही. तल्हाला लागला.

"डिसेंबरमदी, आम्ही पैसं टाकायच्या आधी, तुला ठाऊक होतं?" तो म्हणाला आणि त्याने साहेबांच्या पोटात गुद्दा मारला. साहेब वाकले. दुसऱ्याने मानेवर मारला, तिसऱ्याने लाथ घातली. चष्मा फुटला. पांढरा शर्ट बघता बघता काळा आणि लाल झाला. पंचवीस माणसांच्या उडालेल्या झोपा त्या एका अंगावर तुटून पडल्या. साहेब "प्लीज, प्लीज" म्हणत होते, मग "आई गं" म्हणायला लागले.

मी काय केलं? मी अकबरचा दंड धरला आणि शटरकडे ओढलं. खरं सांगते, त्या माणसाची मला दया आली नाही. त्याला मीच आणलं होतं, आणि त्याला मार बसत होता तेवढा वेळ माझा नवरा मोकळा होता. त्याच्या बायकोचा चेहरा डोळ्यांसमोर आला, तो मी बाजूला सारला. चल, मी अकबरला म्हणत होते, चल लवकर.

अकबरने माझा हात झटकला.

तो माणसांमधून आत घुसला. त्यांनी त्याला वाट दिली. आता तो त्यांच्यातलाच होता. भिंतीशी टायर उचकटायच्या लोखंडी टामी लावून ठेवल्या होत्या, त्यातली एक त्याने उजव्या हाताने उचलली. पहिला तडाखा खांद्यावर बसला, मला हाड मोडल्याचं ऐकू आलं. दुसरा बरगड्यांवर. "डिसेंबर!" तो ओरडत होता. "डिसेंबर!" फाटलेल्या ओठातून रक्ताची थुंकी उडत होती. तिसरा डोक्यावर बसला. साहेबांचं ओरडणं थांबलं.

बाकीचे मागे सरले. राग होता, पण मुडदा कुणाला नको होता. "आरं बस, आकबर, मरंल तो," तल्हासुद्धा म्हणाला. पण जवळ जायला कुणी धजेना. अकबर धापा टाकत उभा होता. टामी धरलेला हात शेजारच्या ट्रकच्या रिमवर टेकवून तो दम घेत होता. पुढचा तडाखा कुठे मारायचा ते तो बघत होता. मी त्याचा उघडा डोळा बघितला. बावीस वर्षांत ओळखीचा झालेला तो डोळा नव्हता.

मी त्याला हाक मारली. अकबर. त्याने ऐकलं नाही. मी पुन्हा मारली. त्याने बोटं टामीवर घट्ट आवळली.

इथे माणूस मारला तर फाशी होते. हे एवढंच माझ्या डोक्यात होतं, दुसरं काही नाही. टेबलावर हातोडा होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि रिमवर टेकलेल्या त्या मनगटावर घातला, सगळा जीव एकवटून.

टामी खाली पडली. अकबर ओरडला नाही. त्याने आधी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. हात मनगटापासून नको तसा लोंबत होता. तो हळूहळू खाली बसला.

मी हातोडा तल्हाच्या पायाशी टाकला.

"घे, झालं तुझं काम," मी म्हणाले. "आता दोघांना उचला. गाडीत घाला. कुनी मधी आलं तर त्याच्या टाळक्यात घालीन."

कुणी मध्ये आलं नाही. चौघांनी साहेबांना उचललं. त्यांचा श्वास चालू होता, घरघर लागली होती, पण चालू होता. त्यांना पुढच्या सीटवर टेकवलं आणि डोक्याला कुणाचा तरी पंचा गुंडाळला. तल्हा गाडी चालवायला बसला. त्याच्याकडून गाडी दोनदा बंद पडली. मी आणि अकबर मागे. त्याचा हात मी माझ्या ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. हातातली हाडं वेगळी वेगळी लागत होती.

साहेब मधेच शुद्धीवर आले. "स्पृहाला फोन करा," म्हणाले. मी केला. जिवंत आहेत, एवढंच सांगितलं आणि दवाखान्याचं नाव सांगून फोन ठेवला. तिचं रडणं ऐकायची माझी लायकी नव्हती.

बराच रस्ता गेल्यावर अकबर पहिल्यांदा बोलला. ओठामुळे शब्द नीट येत नव्हते.

"येवढ्या जोरात कशाला मारलंस? हळू मारलं आसतंस तरी टामी सोडली आसती मी."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचा चांगला डोळा पुन्हा त्याचा झाला होता, पाण्याने भरला होता. मला हो म्हणता आलं असतं. माझंच चुकलं, घाबरले, म्हणता आलं असतं, आणि त्यावर आम्ही उरलेला संसार रेटला असता.

"नसती सोडलीस," मी म्हणाले.

पुढच्या सिग्नलला त्याने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. मी ते टेकू दिलं.